बोटभर जागा

नणंदेच्या गावी सकाळी चहा करायला मी चुलीपुढे बसले. लवकर पेटावी म्हणून चार लाकडं कोंबली आणि फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले. घरभर नुसता धूर.

"अहो वहिनी, चूल म्हणजे काय पोतं आहे, ठासून भरायला?" म्हणत नणंदेनं दोन लाकडं बाहेर ओढली, त्यांची धुमसती टोकं राखेत दाबली. उरलेल्या दोन लाकडांत बोटभर जागा ठेवली. न फुंकताच जाळ उठला.

मला हॉस्टेलवरची लेक आठवली. उठलीस का, जेवलीस का, असे पाच फोन मी तिला रोज करते. ती नुसती 'हो', 'नाही' म्हणत धुमसते.

त्या दिवशी मी फोन केलाच नाही. दुपारी तिचा आला.

"आई, जेवलीस का?"