बाकांचा भाग

डब्लिनला नोकरी लागली आणि तिथं भाड्याचं घर कुठल्या भागात घ्यायचं, यावरून आम्हा बापलेकीत रोज वाजायला लागलं. आई गेल्यापासून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मला ऑफिसजवळ राहायचं होतं, मग एक खोली का असेना. पप्पा संध्याकाळी फिरून आले की मोबाईलच्या नकाशावर तिथल्या गल्ल्या पालथ्या घालत. "हा भाग बघ. रस्ता सपाट आहे, जागोजागी बाकं आहेत."

"बाकं काय करायचीत मला?" मी खेकसायचे.

शेवटी त्यांना न विचारताच मी ऑफिसजवळची खोली पक्की केली. पाहुणे मुक्कामाला चालणार नाहीत, असं घरमालकीण म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. कटकट मिटली, एवढंच वाटलं.

काल, जायचे दिवस जवळ आले म्हणून, कधी नव्हे ती पप्पांबरोबर फिरायला गेले. कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी ते कठड्याला टेकले. जरा पुढे रसवंतीच्या खुर्चीवर बसले. मग देवळाच्या पायरीवर. रोज यांचं फिरणं असंच चालतं, हे मला माहीतच नव्हतं.

"तिकडे आलो ना," गुडघा चोळत ते म्हणाले, "की असाच बसत बसत तुझ्या ऑफिसपर्यंत येईन. तुला नाही त्रास देणार."

ते अंग चोरून बाजूला सरकले.

"बस की," म्हणाले, "दोघं मावतो."