नुसती 'पॅथी' ऐकून

चंद्रशेखर आगटे माणूस सरळ, पण अर्धं ऐकून निकाल देणारा. सिंगापूरला बुकित बातोकमध्ये आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहतो. तो आयटीत मॅनेजर, माझा जुना मित्र, त्यामुळे त्याची बाजू घ्यायची मला सवयच आहे. या एका बाबतीत मात्र घेणार नाही.

त्याची मुलगी वल्लरी अमेरिकेत शिकत होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. एमडीच्या, म्हणजे आपल्या एमबीबीएससारख्या तिथल्या पदवीच्या, कॉलेजांनी नकार दिले. एका ऑस्टिओपॅथिक कॉलेजने प्रवेश दिला, पदवी डीओ. पोरीने बापाला परोपरीने समजावलं, की तिथे एमडी आणि डीओ दोघेही पूर्ण डॉक्टर, औषधं तीच, ऑपरेशनं तीच, डीओवाले शिवाय हाताने हाडं-स्नायू तपासायला शिकतात. शेखरने त्यातलं फक्त 'पॅथी' ऐकलं. पुण्यात त्याचा थोरला भाऊ होमिओपॅथ. साबुदाण्याच्या गोळ्या म्हणून घरच्यांनीच त्याची जन्मभर टिंगल केलेली.

"आमच्या घरात एक पॅथीवाला पुरे," शेखर म्हणाला. "आणि हाडवैद्य व्हायला अमेरिका कशाला?"

ही पदवी सिंगापूरला चालेल का, ही शंका रास्त होती. ती त्याने काढलीच नाही. वर्षभर थांब, एमडी मिळेल, म्हणाला. वल्लरीने जागा सोडली. एमडी पुढच्या वर्षी मिळालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. याला आता बरीच वर्षं झाली. ती परत येऊन इथेच, जुरोंग ईस्टला, विमा कंपनीत लोकांच्या आजारपणाचे दावे तपासते. मला अजून चीड येते.

यंदा शेखर कामासाठी अमेरिकेत ओहायोला गेला आणि मीटिंगमध्येच छाती धरून कोसळला. वाचला. शुद्धीवर आल्यावर, ज्या डॉक्टरबाईने वाचवलं तिच्या कोटावर त्याला नावापुढे डीओ दिसलं. म्हणजे काय, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने हसून तेच सांगितलं, जे वल्लरीने सांगितलं होतं.

तो परतल्यावर मी भेटायला गेलो. त्याची बायको मेधा पेज वाढत होती. शेखर रडवेला होऊन वल्लरीला म्हणाला, "चुकलो गं मी. तसल्याच डॉक्टरने वाचवलं मला. तू पुन्हा अर्ज कर."

"आय टोल्ड यू, बाबा. टू लेट ऑलरेडी, लाह," वल्लरी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मग तिने मराठीत विचारलं, "कशी होती ती?"

शेखरने आठवून प्रामाणिकपणे सांगितलं,

"तुझ्याच वयाची."