चितेगावची भट्टी बघायला

लोक संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा बघायला जातात, मी भट्टी बघायला गेले. हसा खुशाल! नगरच्या एमआयडीसीत आमची छोटी रोलिंग मिल आहे. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लाल करायचे आणि लाटून सळ्या काढायच्या. वर्षभर ही भट्टी इतकं तेल पीत होती, की दिवाळीनंतर दुसरी पाळी बंद करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. म्हणजे आठ माणसं घरी बसणार. त्यांना ते सांगायचं काम आमच्या फोरमनवर, मच्छिंद्रमामांवर आलं होतं. तेवढ्यात कळलं, चितेगावच्या एका मिलनं तेल बरंच वाचवलंय. ओळख ना पाळख, तरी फोन केला. मालक म्हणाले, "या की, लपवायचं काय त्यात!"

सकाळी सहाला मी आणि मामा निघालो. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मामा मिलमध्ये आहेत, त्यामुळे मालकीण मी असले तरी गाडी किती पळवायची ते मामा ठरवतात. प्रवरासंगमला मिसळ खाल्ली, झकास होती. वाळूजला मात्र पाळी बदलायच्या वेळी पोचू नका. आम्ही नेमके तेव्हाच पोचलो आणि पाऊण तास अडकलो. पुढं विचारत विचारत पैठण रस्ता धरला.

चितेगावला गेटवरचा वॉचमन म्हणाला, "लई लांबून आलात व्हय? च्या घ्या आधी, भट्टी कुठं पळून जात नाय."

भट्टी दाखवली रहीमचाचांनी. पांढरी दाढी, गळ्यात टॉवेल, उभा जन्म भट्टीसमोर गेलेला. चिमणीतून वाया जाणाऱ्या धगीवर बर्नरची हवा आधीच तापवणारं यंत्र त्यांनी बसवलंय. किंमत ऐकून माझा चेहरा पडला. आमच्या आवाक्यातलं नव्हतंच ते.

मग मामांनी मोबाइल काढला आणि मोठ्या कौतुकानं आमच्या भट्टीचा व्हिडिओ लावला. चाचांनी मध्येच बोट ठेवून तो थांबवला.

"ये डब्बे कायके?"

"जेवणाचे. पोरांना गरम मिळावं म्हणून भट्टीचं दार वीतभर वर ठेवून त्यापुढं मांडतो."

"कब तक?"

"दिवसभर. सारखी साखळी ओढून दार वर-खाली कोण करणार?"

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा! ढक्कन खोलके सालन पकाते क्या तुम लोगां?"

मग त्यांनी शांतपणे समजावलं. त्या फटीतून धग बाहेर जाते, गार हवा आत शिरते, आणि बर्नर दिवसभर त्या हवेशीच झुंजत बसतो. त्यांचे डबे चिमणीकडं जाणाऱ्या गरम नळाला लावलेल्या पत्र्याच्या फळीवर होते. तिथल्या एकानं मला डबा हातात धरायला दिला, चांगलाच चटका बसला.

परतताना शहरात नान-कलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाल्ला. दोघांचं पाचशेच्या आत भागतं, पण दुपारी दोननंतर गेलात तर कलिया संपलेला असतो. मामांनी नानचा तुकडा तोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"ताई, दार मीच वर ठेवायला लावलं. पोरं गारढोण भाकरी खायची, बघवत नव्हतं."

"मामा, माझाही डबा तिथंच असायचा की. मला तरी कुठं अक्कल सुचली?"

सोमवारी मामांनी सगळ्यांना गोळा केलं, "चूक माझी होती" असं सरळ सांगितलं आणि स्वतः दार खाली केलं. चिमणीच्या नळाला फळी ठोकली. आधी कुरकुर झाली, "चटणीला करपट वास येतो" इथपर्यंत. पण दुसऱ्या आठवड्यापासून तेलाची टाकी आधीपेक्षा हळू उतरायला लागली. महिनाभर मी रोज स्वतः जाऊन बघत होते, विश्वासच बसेना. चाचांना फोन केला, तर आभार मानूच देईनात. ज्या माणसाला माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं, त्यानं आपली अख्खी सकाळ मला दिली. हे ऋण जन्मभर फिटणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा मी ऑफिसच्या दारात उभी होते. आठही जण आत आले. मामांनी एकेकाचं नाव घेऊन हाक मारली आणि कामाला लावलं. मला रडू आवरेना.