नाश्त्याच्या डब्याची सही

पुठ्ठ्याच्या डब्यातला गार समोसा समोर आला की मी तो बाजूला सारतो, आणि त्याचं कारण मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तेव्हा मी दिल्लीला लागून असलेल्या एका नगरपालिकेत कारकून होतो. समाजसदन पाडून ती जागा मॉलसाठी बिल्डरला नाममात्र भाड्याने द्यायची, हे आधीच ठरलं होतं. फक्त जनसुनावणी उरकायची होती. त्या सदनातल्या एका खोलीत एक मराठी काकू, फौजीची विधवा, बालवाडी चालवायच्या. सुनावणीत त्या एकट्याच उठल्या. "बच्चे कहाँ जाएँगे, साहब?" मिशीला चटणी लागलेला नगरसेवक चावता चावता म्हणाला, "मॉल में झूला लगवा देंगे, माताजी!" सगळे खिदळले. नंतर दारात नाश्त्याचे डबे वाटताना मी त्यांच्यापुढे सह्यांचा कोरा तक्ता धरला, वर काहीच न लिहिलेला. "सही कसली रे?" "नाश्त्याच्या डब्याची, काकू." "तू आपला माणूस, मग काय बघायचं," म्हणत त्यांनी चष्मा न लावताच सही केली आणि डबा मुलांसाठी पिशवीत ठेवला. संध्याकाळी माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या सांगण्यावरून त्या सह्यांवर 'सदन पाडायला आमची संमती आहे' असं लिहिलेलं पान मी स्वतःच्या हाताने टाचलं. खोली पाडायला माणसं आली तेव्हा काकू ऑफिसात भांडायला आल्या, आणि त्यांची सही त्यांना मीच दाखवली. ती बघून त्या एवढंच म्हणाल्या, "समोसे आंबलेले होते रे." आज मी साहेबांच्या खुर्चीत आहे. दुपारी दुसऱ्या एका सुनावणीत दारात तसाच कोरा तक्ता फिरत होता. मला तो दिसला. मी मान खाली घालून समोसा खाल्ला.