बारा महिने इथंच

कुत्री पाळायची असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मी त्या बाईंकडे गेलो होतो तो नारळ पाडणाऱ्याचा नंबर मागायला. आमच्या वाडीतले नारळ स्वतःच्या मर्जीनं पडायला लागले होते. एक तर नेमका माझ्या स्कूटरच्या सीटवर येऊन बसला होता, म्हणजे सीट होती तिथे.

बाई आमच्याच आळीत राहतात, अलिबागच्या थोडं पुढे. नोकरीत नर्स होत्या. आता गाडीखाली आलेली, कुणी सोडून दिलेली कुत्री घरी आणतात, बरी करतात आणि कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळतात. याला फोस्टर होम म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आळीत सगळे 'धर्मशाळा' म्हणतात. दोरीवर वाळत घातलेल्या जुन्या चादरी, फिनेलचा वास, आणि चुलीवर मासळीची डोकी घातलेला भाताचा मोठा टोप.

पडवीत एक जोडपं बसलं होतं. तिशीतलं, मुंबईचं. आमच्या मागच्या रस्त्याला त्यांनी बंगला घेतला आहे. शुक्रवारी येतात, रविवारी जातात. आमच्या भागात अशी घरं आता इतकी झालीत की सोमवारी आळीतून चालताना माणसांपेक्षा कुलपं जास्त भेटतात. या लोकांबद्दल आम्हा मूळच्यांच्या मनात एक अढी असते. ती आम्ही त्यांना भाजी, मासळी आणि जमीन विकताना बाजूला ठेवतो, नंतर परत घेतो.

बाकाखाली एक तांबूस कुत्री सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. एक कान फाटलेला. बाई जोडप्याला तिची हकिकत सांगत होत्या. ती मांडव्याच्या जेटीवर सापडली. कोणीतरी तिला गाडीतून तिथवर आणलं, बॅगा उतरवल्या आणि बॅगा घेऊन बोटीत बसून निघून गेलं. ती तिथेच बसून राहिली. चहाच्या टपरीवाल्यांनी खाऊ घातलं, पण बोट लागली की ही धक्क्याच्या टोकाला.

"आता माणसाच्या हातात बॅग दिसली की ओरडून ओरडून जीव काढते," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर दर आठवड्याला बॅगा भरणार."

"तिला बरोबरच नेऊ ना," जोडप्यातली मुलगी म्हणाली. "मुंबईत आम्ही दोघंही घरूनच काम करतो."

"मुंबईत अंगण आहे?"

"बाविसावा मजला आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नंबर मागावा, चहा प्यावा, घरी जावं. पण शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला दुसऱ्याची तोंडी परीक्षा चालू असताना गप्प बसवत नाही.

"कुत्र्याला माणूस लागतो," मी म्हणालो, "मजले नाही लागत."

बाईंनी मान वळवली. "म्हणजे सर, तुम्ही न्याल?"

"का नाही? अंगण आहे, वाडी आहे. आणि मी बारा महिने इथंच. कुठं जात नाही, येत नाही."

हे मी त्या जोडप्याला ऐकवायला बोललो होतो. आता ती दोघं भांडतील, मी उदार मनानं माघार घेईन, असा माझा हिशेब. मुलगी उठली आणि हसून म्हणाली, "काका, मग तर प्रश्नच नाही. तिच्यासाठी तेच बरं." समोरचा इतक्या चांगुलपणानं हरला की जिंकलेल्याला पळायला जागाच राहत नाही.

बाई दुसऱ्याच दिवशी घर बघायला आल्या. कुंपण हलवून पाहिलं, विहिरीला कठडा आहे ना बघितलं, मला पुन्हा विचारलं, "खरंच कुठे जात नाही ना?" मी म्हटलं, "अहो, अलिबागेत जायचं तरी कंटाळा येतो." मग त्या म्हणाल्या, महिनाभर ठेवून बघा. नाही जमलं तर परत आणा, मी चकार शब्द बोलणार नाही. ते दोघं अजून वाट बघतायत.

नारळ पाडणाऱ्याचा नंबर राहिलाच.

बायको त्या वेळी मुंबईला होती, आमच्या लेकीच्या बाळंतपणासाठी. तिला फोनवर सांगितलं.

"अहो, माणूस नंबर आणायला जातो आणि कुत्री घेऊन येतो?"

"गोष्ट अशी झाली की..."

"ती गोष्ट बारशाला आलात की सांगा. चार माणसांत सांगा, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल आपण कसे आहात ते."

बारसं! ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. पहिलं नातवंड, मुलीच्या बापानं उभं राहायचं ते कार्य, आणि मी आळीभर जाहीर करून बसलो होतो की मी कुठं जातच नाही.

पहिले काही दिवस मी मजेत होतो. कुत्री शहाणी होती. पोफळीच्या सावलीत बसायची, नेमानं जेवायची, मी पेपर वाचला की पायाशी यायची. मी तिला 'बाय' म्हणायला लागलो. मग एका सकाळी मी खुंटीवरची पिशवी काढली, बाजारात जायला. कापडी पिशवी, कुठल्याशा लग्नात मिळालेली. बाय उठली आणि तिनं जो सूर लावला तो मी माणसाच्याही गळ्यातून कधी ऐकला नव्हता. फाटकापाशी आडवी पडली. शेजारीण भिंतीवरून डोकावली. "सर, मारताव की काय तिला?"

पिशवी खुंटीवर ठेवली. बाय गप्प.

त्या दिवसापासून मी कैदेत पडलो. पिशवी न घेता बाजारात जाऊन बघितलं, तर परतीची पंचाईत. सदऱ्याच्या एका खिशात मिरच्या, दुसऱ्यात आलं, काखेत दुध्या आणि हातात कागदात गुंडाळलेले बांगडे, असा मी भर बाजारातून स्कूटर चालवत आलो आहे. कोळीण म्हणाली, "सर, निवृत्तीनंतर पिशवी पन काढून घेतली का सरकारनं?" वाचनालयात जायचं तर पुस्तकं हातात. जुन्या मित्रांबरोबर पालीला जायचं ठरलं होतं, बल्लाळेश्वराचं दर्शन आणि येताना मिसळ. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. दर्शन घेऊन आलेले मित्र प्रसादाबरोबर ओव्याची पुडी देऊन गेले. माझ्या स्वतःच्या फाटकाच्या आत, माझ्याच पोफळींखाली, मी बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्यापेक्षा जास्त अडकलो होतो.

बाईंना सांगावं तर शब्द गिळावा लागणार. परत न्यावी तर आणखी एकदा कुणीतरी तिला सोडलं असं होणार. जोडपं शुक्रवारी फाटकाशी थांबून तिचं डोकं खाजवून जायचं. "काका, काही लागलं तर सांगा हं." मी म्हणायचो, "छे, काय लागणार!"

शेवटी मी शिक्षकी मार्ग धरला, सरावाचा. मोठी बॅग काढली, तिच्यात उशी भरली, बायच्या देखत निघालो, फणसापर्यंत गेलो आणि परत आलो. ती ओरडली. परत निघालो. पुन्हा फणस, पुन्हा परत. मग फाटकापर्यंत. मग देवळापर्यंत. भर दुपारी एक माणूस बॅग घेऊन घरातून निघतो, देवळाला वळसा घालतो आणि घरी येतो, हे पाहायला आळी ओट्यांवर येऊन बसायला लागली.

"सर, परत निघालाव? तुमचा गाव हाय तरी कुठं?"

"ह्यांची बस चुकते रोज."

"घरात बायको न्हाय, तर स्वतःवरच रुसून जातात बिचारे."

पण गुण आला. ओरडणं कमी झालं, मग कुरकुर राहिली, मग नुसतं बघणं. मी पिशवी घेऊन मासळी आणू शकलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं की मी हमखास काहीतरी हुशारी करतो.

बारसं रविवारी दुपारी होतं आणि बाईंचा महिना सोमवारी संपत होता. मी मान खाली घालून मागच्या रस्त्याला गेलो आणि जोडप्याला म्हटलं, मला रविवारी मुंबईला जायचंय.

मुलीनं नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण काका, तुम्ही तर कुठं जातच नाही ना?"

तिच्या नवऱ्यानं हसू लपवायला खोकला काढला. मी दोन्ही सहन केलं. मग त्यांनीच तोडगा काढला. रविवारी ते एरवी संध्याकाळी निघतात, त्याऐवजी सकाळी निघतील. गाडीत मी, बाय, सामान. गाडी मांडव्याला रोरो बोटीवर चढवायची, पलीकडे उतरायचं, मला लेकीच्या घरी सोडायचं. येताना मी आणि बाय भाड्याच्या गाडीनं. मुलगी म्हणाली, "म्हणजे तिला सोडायचा प्रश्नच नाही."

मांडवा म्हटल्यावर मला जेटी आठवली नाही असं नाही. आठवली. पण म्हटलं, या वेळी ती गाडीत, माणसाबरोबर, मग कसली भीती? आणि गाडीरस्त्यानं वडखळकडून जाऊ या, हे सांगायला तोंड हवं होतं. माझ्याकडे ते उरलं नव्हतं.

वाटेत बाय खिडकीबाहेर नाक काढून मजेत होती. मांडव्याच्या अलीकडे वारा बदलला, खारा झाला, तशी ती सीटखाली शिरली. रांगेत गाडी उभी राहिल्यावर थरथरायला लागली. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करू दे तिला, आणि दार उघडलं. यापेक्षा मोठी चूक करायला मला वेगळी तयारी करावी लागली असती. ती उतरली, दोरीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे बसली. ओढली, नाही. खाऊ दाखवला, नाही. उचलायला गेलो तर अंग असं सैल सोडलं की भिजलेली गादी उचलल्यासारखं झालं. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. रांग पुढे सरकली, जोडप्याची गाडी बोटीवर चढली, आणि मी बॅग हातात घेऊन, कुत्री धरून, खाली उभा.

मुलगी उतारावरून धावत आली. "काका, तुम्ही जा. बारसं आहे. मी थांबते हिच्याजवळ. आम्ही दोघी मागून घरी जाऊ, तुम्ही येईपर्यंत बंगल्यावर ठेवते. खरंच जा."

यात खोट काढायला जागा नव्हती. मुलगी भली होती, कुत्री तिला ओळखत होती, आणि नंतर बाय तिच्याकडेच राहिली असती तरी बाईंनी चकार शब्द काढला नसता. माझी सुटका माझ्यासमोर उभी राहून हात पुढे करत होती. मी दोरी तिच्या हातात दिली आणि बॅग घेऊन उताराकडे निघालो.

मागून आता तो सूर येणार, म्हणून मी खांदे आक्रसून चाललो होतो. आलाच नाही. वळून बघितलं. बाय ओरडत नव्हती, दोरी ओढत नव्हती. पुढचे पाय नीट जुळवून, पाण्याकडे तोंड करून बसली होती. इथे काय करायचं असतं ते तिला माहीत होतं.

मी परत आलो. मुलीच्या हातातून दोरी घेतली आणि तिच्या हातात बॅग दिली.

"हे काय?"

"यात बाळाचं चांदीचं वाळं आहे, आणि साडी आहे, सुपारी आहे, नारळ आहेत. पत्ता फोनवर पाठवतो. माझ्या बायकोला म्हणावं..."

"काय म्हणू?"

तेवढ्यात बोटीवरच्या माणसानं हाक मारली आणि ती पळाली. बोट निघाली. बाय बोट लहान होईपर्यंत तिच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बोटीकडे. हा माणूस इकडे कसा, हा हिशेब तिला काही लागत नसावा. मलाही लागत नव्हता. मी खालीच बसलो.

बायकोला फोन केला. अपेक्षेपेक्षा वाईट झालं, म्हणजे ती ओरडली नाही.

"येत नाही तर," ती म्हणाली.

"नाही."

"लेकीला मी काय सांगू? सगळे विचारतील, आजोबा कुठंयत."

"जेटीवर."

मागे बायकांचा गलका, कुणीतरी पाळण्याची फुलं कमी पडली म्हणून ओरडत होतं. मग ती म्हणाली, "ऊन वाढतंय. तिला पाणी पाजलंत का?" आणि फोन ठेवला.

लेक त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त बाळाच्या सर्दीपडशापुरतं बोलत होती. त्या परक्या जोडप्याला मात्र तिनं पंगतीत पहिल्या रांगेत बसवलं, पाळण्याजवळ उभं करून फोटो काढले. नातीच्या बारशाच्या फोटोंत आजोबांच्या जागी समुद्रावरच्या चपला घातलेला एक माणूस हसतो आहे.

पण हे नंतर. त्या दिवशी टपरीवरून पाणी आणलं, ते बाय प्यायली. एसटीत कुत्रं चालत नाही. रिक्षावाल्यांनी तिच्याकडे बघून माना फिरवल्या. शेवटी एक टेंपोवाला तयार झाला, बर्फाचे रिकामे खोके घेऊन रेवदंड्याकडे चाललेला. "मागं बसाल का?" म्हणाला. मी तिला वर चढवायला वाकलो, तर ती स्वतःच उडी मारून चढली आणि खोक्यांमध्ये जागा करून बसली. मग मी चढलो, दोन वेळा घसरून.

घरी आल्यावर बाईंना सोमवारची वाट न बघता फोन केला. म्हटलं, राहते ती. बाई म्हणाल्या, "बरं. पण तुम्ही आज मुंबईला निघाला होतात असं कानावर आलं?"

"निघालो होतो."

"मग?"

"जमलं नाही," मी म्हणालो, आणि आठवणीनं नारळ पाडणाऱ्याचा नंबर मागितला.