एकोणचाळीस बाहेर, एक आत

माझ्या मावशीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. जेवताना ती तीनदा उठते. कुणाशी बोलत असली तरी एका हातानं टेबल पुसत असते. सिनेमाला गेलो की आधी दोन्ही बाजूंची दारं ढकलून बघते आणि मग खुर्चीवर टेकते, तीही निम्मीच. अशा बाईनं सव्वीस वर्षं एका खुर्चीत बसून नोकरी केली, हे नव्या माणसाला सांगून पटत नाही.

ती अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात होती. फोन घ्यायचं काम. समोर भिंतभर नकाशा, आणि फोन आला की विचारायचे तीन प्रश्न: कुठे, काय झालंय, आत किती माणसं आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक देत. तिसऱ्याला अडत. "असतील दहा-पंधरा." "मोजली नाहीत हो." एकदा एक माणूस म्हणाला, "आम्ही सगळे बाहेर आलोय," आणि बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. "थांबा," तो म्हणाला, "थांबा हं," आणि फोन तसाच टाकून निघून गेला. पुढे काय झालं ते मावशीला कधीच कळलं नाही. गाडी रवाना करायची आणि पुढचा फोन घ्यायचा, एवढंच तिच्या हातात होतं. तिची चुळबुळ त्या खुर्चीतूनच आली, असं माझी आई म्हणते.

ती निवृत्त झाली आणि काकांचं दुकान धोक्यात आलं. काका म्हणजे मावशीचे यजमान, त्यांचं चष्म्याचं दुकान. महिनाभरात मावशीनं तिथल्या फ्रेमा आधी आकारानं लावल्या, मग रंगानं, मग परत आकारानं. काका मवाळ माणूस. एक दिवस एवढंच म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मला माझ्याच दुकानात फ्रेम सापडत नाही. तू काहीतरी बघ ना दुसरं."

त्याच सुमारास पेपरात सरकारी जाहिरात आली. आपत्कालीन सज्जतेचे प्रशिक्षण वर्ग घेणाऱ्या संस्थांना अनुदान मिळणार होतं. मावशीनं जाहिरात कापली आणि थेट माझ्या घरी आली. चप्पलही काढली नाही. मी घरून टायपिंगची कामं करते. "लिही," ती म्हणाली. "काय लिहू?" "तेच तर. बघ काय काय मागतायत."

मागत होते बरंच काही. आधी तर संस्थाच हवी होती. मावशी ज्या वाचनालयाची सभासद होती त्याच्या अध्यक्षांना तिनं इतके फोन केले, की ते म्हणाले, "वाचनालयाचं नाव घाला, पण आता मला वाचू द्या." शिकवायला तिनं दोघांना गाठलं: एक निवृत्त परिचारिका आणि अग्निशमन गाडीचा एक जुना चालक. अर्ज दोनदा परत आला. एकदा शिक्का पुसट होता म्हणून, एकदा शिक्का सहीवर पडला म्हणून. तिसऱ्यांदा मावशी स्वतः अनुदान कक्षात गेली आणि अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. अधिकारी तरुण होता, कंबर दुखते म्हणून पट्टा बांधलेला, त्यालाही बसणं नकोसंच होतं. दोघांनी उभ्यानंच अर्ज तपासला.

अनुदान मंजूर झालं. अटी अशा: वर्षअखेरपर्यंत सात वर्ग, प्रत्येक वर्ग सलग दोन दिवसांचा, वर्गात किमान चाळीस माणसं, दोन्ही दिवस हजेरीपटावर सह्या, आणि फोटो. निम्मे पैसे आधी, उरलेले अहवालानंतर. फोटोंचं काम माझ्याकडे आलं.

पहिले तीन वर्ग पार पडले. पार पडले एवढंच म्हणता येईल. एका शाळेतले शिक्षक वह्या तपासत ऐकत होते. बाजारातले दुकानदार सही करून अर्ध्या तासात आपापल्या गल्ल्यावर. मावशी घरी यायची ती तणतणतच. "सह्या शंभर टक्के," ती म्हणायची, "आणि जिना कुठे आहे विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात." परिचारिकाबाई तिला म्हणायच्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका. दहातल्या दोघांना कळलं तरी पुष्कळ." मावशीला ते पुष्कळ वाटत नव्हतं.

चौथा वर्ग एका शिलाई कारखान्यात होता. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक खोली, मशीनच्या चार ओळी, कडेला कापडाचे गठ्ठे आणि टोकाला दाराआड इस्त्रीची खोली. कामगार बरोबर चाळीस. मालकाला माल घेणाऱ्या कंपनीकडे प्रमाणपत्र दाखवायचं होतं म्हणून त्यानं दोन दिवस दिले होते, तेही तोंड वाकडं करून.

पहिला दिवस झकास गेला. पुढच्याच बाकावर एक बाई बसली होती, तिशीची, हातावर भाजल्याचे जुने डाग. इस्त्रीवाली. ती मावशीच्या तोंडाकडे एकटक बघायची आणि मान हलवायची. मावशी इतकी खूश झाली, की येताना म्हणाली, "एक तरी बाई लक्ष देऊन ऐकतेय." मी तिचा फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना आपापल्या कामावर पाठवलं आणि न सांगता घंटा वाजवली. मशीन थांबली, बायका-माणसं रांगेनं जिना उतरून अंगणात आली. चालककाकांनी घड्याळ बघितलं आणि मान डोलावली. मावशीनं मोजलं. एकोणचाळीस. परत मोजलं. तेवढेच.

"कोण राहिलं?"

मालक म्हणाला, "अहो बाई, सोडा ना. असेल कुठेतरी हात धूत. सराव तर आहे."

मावशी तोवर जिन्यापर्यंत पोचली होती. मी तिच्या मागे धावले. खोली रिकामी, दिवे चालू, एका मशीनवर अर्धी बाही लोंबत होती. मावशीनं टोकाचं दार ढकललं. आत इस्त्रीवाली आमच्याकडे पाठ करून कॉलर दाबत होती. घंटा अजून वाजत होती, कानठळ्या बसतील एवढी. तिनं कॉलर उलटली, पाणी मारलं, परत इस्त्री फिरवली.

मावशी जागच्या जागी थिजली. तिला अशी स्थिर उभी राहिलेली मी तोवर कधी बघितली नव्हती.

मग ती पुढे झाली आणि इस्त्रीवालीच्या खांद्याला हात लावला. ती दचकून वळली, आम्हाला बघून हसली, आणि आमच्या मागची रिकामी खोली दिसताच तिचं हसू मावळलं.

तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणापासून. ओठांवरून बरंच कळायचं, पण बोलणारा समोर असला तरच. आणि बोलताना माझी मावशी एका जागी कधी उभी असते? दोन दिवस ती फळ्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत बोलली होती. कारखान्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. शेजारच्या मशीनवरची बाई रडवेली होऊन म्हणाली, "मी नेहमी तिला हात लावून सांगते हो. आज मला वाटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल." दुसरीलाही तसंच वाटलं होतं.

परतताना मावशी माझ्यापुढे भराभर चालत होती. घराच्या पायरीवर मात्र थांबली. "सव्वीस वर्षं कान देऊन काम केलं," ती म्हणाली, "आणि समोर बसलेल्या बाईला ऐकू येत नाही हे मला दोन दिवसांत कळलं नाही. तिची सही मी घेतली. दोनदा."

अहवालात तिनं प्रशिक्षित माणसं एकोणचाळीस लिहिली. अनुदान अधिकाऱ्यानं तिला बोलावून घेतलं.

"मावशी," तोही आता मावशीच म्हणायला लागला होता, "चाळीस लिहा. हजेरीपटावर चाळीस सह्या आहेत. कोण विचारतंय?"

"सही आहे. पण ती बाई शिकलेली नाही."

"एकोणचाळीस लिहिलंत तर वर्ग धरला जाणार नाही. दुसरा हप्ता अडकेल."

"मग अडकू दे."

"तिला एकटीला तासभर बसवून शिकवा आणि चाळीस करा. मी दोन दिवस फाइल थांबवतो."

यात काही खोटं नव्हतं. मावशीलाही ते पटलं. तिनं कारखान्यात निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्त्रीवाली काकांच्या दुकानात आली, शेजारच्या मशीनवरच्या बाईला बरोबर घेऊन. तिनं कागद लिहूनच आणला होता. अक्षर सुबक होतं. "मला एकटीला नको. सगळ्यांबरोबर परत शिकवा."

मावशी तिच्यासमोर सरळ उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "का? एकटीला नीट शिकवता येईल."

इस्त्रीवालीनं काकांच्या काउंटरवरची पेन्सिल उचलली. "एकटीला शिकवलं तर मला कळेल. मला कसं कळवायचं ते त्यांना कळणार नाही."

काकांनी तो कागद चष्मा वर करून वाचला आणि मावशीकडे बघितलं. "बरोबर आहे की तिचं," ते म्हणाले.

मालक काही आणखी दोन दिवस द्यायला तयार होईना. मावशीनं चार खेटे घातले. पाचव्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "मशीन बंद ठेवणार नाही. जेवणाच्या सुट्टीत काय करायचं ते करा." त्यानं टाळायला म्हणून सांगितलं होतं. मावशीनं तेच उचलून धरलं. रोज अर्धा तास, असे आठ दिवस. अटीत मात्र सलग दोन पूर्ण दिवस लिहिलं होतं, म्हणजे हा वर्ग सरकारच्या लेखी झालाच नसता. चालककाका म्हणाले, "नाही तर नाही. दुपारी मी घरी झोपाच काढतो." त्यांनी आणि परिचारिकाबाईंनी मानधनावर पाणी सोडलं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी मात्र कुरकूर केली, कारण संस्थेच्या नावावर अपुरा वर्ग लागणार होता.

ते आठ दिवस मावशीला फार जड गेले. एका जागी उभं राहून, तोंड समोर ठेवून, हळू बोलायचं. तिसऱ्या मिनिटाला तिचे पाय वळवळायला लागायचे. ती फळ्याकडे वळली रे वळली, की इस्त्रीवाली बाकावर हात आपटायची आणि सगळा कारखाना हसायचा. चौथ्या दिवसापासून मावशीनं निम्मा वर्ग तिच्याच हवाली केला. तिनं हातानं दाखवलं: बाहेर चल, धूर आहे, हे दार नको, खाली वाक. परिचारिकाबाई म्हणाल्या, "धुरात तोंडावर कापड असताना ओरडणार कोण? हे सगळ्यांनाच यायला हवं." इस्त्रीच्या खोलीच्या दिव्याचं बटण दाराबाहेर होतं. ते तीनदा बंद-चालू करायचं, आणि ते कुणी करायचं त्या दोघींची नावं ठरली. एक गैरहजर असली तर दुसरी.

शेवटच्या दिवशी घंटा वाजली. मावशी अंगणात उभी राहून एकेकाला मोजत होती, ओठ हलत होते. चाळीस. शेवटून तिसरी इस्त्रीवाली होती, आणि तिनं मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला कोपराला धरून आणलं होतं. गठ्ठ्यांमागे त्याला डुलकी लागली होती. त्याला घंटा ऐकू आली होती, पण त्याला वाटलं, सुट्टी संपली.

त्या दिवशी कंबरेला पट्टा बांधलेला अधिकारी बघायला आला होता, रजा टाकून. त्यानं वर पत्र लिहिलं, की नियमांत अशा माणसांचा विचार करावा. चार महिन्यांनी उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. मावशीनं ते उत्तर मला तीनदा वाचायला लावलं. "नोंद घेतली म्हणजे नेमकं काय केलं?" ती विचारत राहिली. त्या वर्गाचा दुसरा हप्ता शेवटपर्यंत मिळाला नाही. उरलेले तीन वर्ग झाले, त्यांचा मिळाला.

यंदा अर्ज परत केला. अटी होत्या तशाच आहेत. मावशीनं प्रत्येक प्रतीला, ऐकू न येणाऱ्यांना कसं शिकवायचं याचं, स्वतःचं एक जादा पान जोडलं, आणि कक्षातल्या अधिकाऱ्यानं ते काढून ठेवलं नाही. यंदा पाचच वर्ग मिळाले. इस्त्रीवाली आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी बरोबर येते. तिच्यासाठी अनुदानात कुठलंही पद नाही, म्हणून मावशी तिचा जाण्या-येण्याचा खर्च स्वतःच्या निवृत्तिवेतनातून करते आणि त्यावरून दोघींची दर वेळी जुंपते.

गेल्या आठवड्यात एका छापखान्यात वर्ग होता. सगळे बसल्यावर इस्त्रीवाली मागच्या भिंतीशी गेली आणि तिनं मोठ्यानं टाळी वाजवली. सगळ्या माना वळल्या. बांधणी विभागातला एक वयस्क माणूस तेवढा समोरच बघत राहिला. हे त्यानं किती वर्षं लपवलं होतं कोण जाणे. इस्त्रीवालीनं त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. पाण्याची बाटली घेऊन गेली आणि त्याच्या शेजारी बसली. मावशीला काहीतरी म्हणायचं होतं. ती दोन पावलं पुढे झाली, थांबली, फळ्याकडे गेली, आणि त्या माणसाला तिचं तोंड दिसेल अशा जागी येऊन उभी राहिली.

छापखाना साडेतीन मिनिटांत रिकामा झाला. सगळे आले. चालककाकांनी शाबासकी दिली. मावशी जिन्याकडे बघत होती.

"वळणावर कागदाची रिळं ठेवलीयत," ती म्हणाली. "ती हलवा. उद्या परत करू."