फिलूबाईचं बाळंतपण

फिलूबाई बाळंत झाली तेव्हा तिचं वय होतं सेहेचाळीस आणि बाळाचं सात. डोक्याला घट्ट फडकं, कानात कापूस, अंगावर शाल अशा थाटात ती ऐन वैशाखात खाटेवर बसली होती. घामानं नुसती निथळत होती. बाळ समोर पाटावर बसून तिच्याकडे टकामका बघत होतं. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले ते खरं तर थट्टेनं. तिनं मात्र डबा उघडून वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "मास्तरीनबाई, खारीक घातली न्हवं?"

फिलोमिना तिचं पूर्ण नाव, पण पुणतांब्यात ते कोणाच्या जिभेला झेपलं नाही. ती आमच्या उपकेंद्राची नर्स. गावातल्या अर्ध्या पोरांची नाळ तिनं कापलेली. बाळंतिणीला पाचव्या दिवशी धुण्याला बसवणाऱ्या सासवा तिच्या आवाजाला चळाचळा कापत. "सव्वा महिना म्हंजे सव्वा महिना! बाई हाय का बैल?" असं ती दारातूनच ओरडायची. स्वतःला मूल झालं नाही, नवरा लवकर गेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमची घरं शेजारी, मधे एकच भिंत. भिंतीच्या या बाजूला आमचा बुद्ध, त्या बाजूला तिचा संत योसेफ. दोघांचंही भांडण कधी ऐकू आलं नाही.

मरियामातेवर तिची भक्ती होतीच, पण खरा जीव योसेफावर. फळीवर त्याची वीतभर उंच प्लास्टरची मूर्ती होती. "येशू त्याच्या रक्ताचा न्हवता," ती म्हणायची, "पर नाव दिलं, सुतारकी शिकवली, हेरोद राजा लेकराच्या जिवावर उठला तर उचलून मिसर देशाला नेलं. आनि आख्ख्या बायबलात हा मानूस एक शब्द बोलत न्हाई. आमच्या गावात असता तर चार पारायनं सांगत बसला असता." रोज दिवेलागणीला माळ जपून झाली की ती त्याच्याशी बोलायची. त्या बोलण्यातूनच दत्तक घ्यायचं ठरलं असावं. मला कळलं तोवर कागदपत्रांची पिशवी भरली होती.

दोन वर्षं ती पिशवी घेऊन नगरला खेपा घालत राहिली. "लोकांची लेकरं पोटातनं येत्यात, माझी कागदातनं आली," हे तिचं लाडकं वाक्य. रजेच्या अर्जावर तिनं कारण लिहिलं होतं: बाळंतपण. साहेबांनी विचारलं, "बाई, सात वर्षांच्या मुलीचं?" ही म्हणाली, "साहेब, तेवढं उशिरा झालं." रजा मिळाली, पण अर्ज दुसरा लिहावा लागला.

मुलीचं नाव वर्षा. कुणीतरी सुचवलं, आता ख्रिस्ती नाव ठेवा. फिलूबाई उसळली, "आधीच लई काढून घेतलंय तिचं. नाव तरी ऱ्हाऊ द्या." बाप्तिस्म्याचीही तिनं घाई केली नाही. फादरांना सांगितलं, पोरगी स्वतः म्हणेल तेव्हा.

वर्षा गोड होती, पण फार शहाण्यासारखी वागायची आणि तेच बघवत नसे. ताटात पडेल ते खायची. हट्ट नाही, रडणं नाही. फिलूबाईला 'मावशी' म्हणायची, कारण अनाथ मुलांच्या संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका मावशीच होत्या. आणि तिची कपड्यांची बॅग खाटेखाली कायम भरलेली. धुतलेला फ्रॉक वाळला की घडी होऊन पुन्हा बॅगेत. फिलूबाईनं तिच्यासाठी कपाटाचा खण रिकामा केला होता, तो रिकामाच होता. त्याचं कारण एक दिवस फिलूबाईनं मला दबल्या आवाजात सांगितलं. आधी एका घरानं वर्षाला नेलं होतं आणि तीन महिन्यांनी परत आणून सोडलं होतं.

त्या धास्तीनं फिलूबाईचा आवाजच बसला. सासवांना घाम फोडणारी ही बाई वर्षाशी चर्चमध्ये बोलावं तशी बोलायची. पोरीला ताट उचलू द्यायची नाही, झाडू हातात धरू द्यायची नाही, पहिली पोळी तिला. असे सहा महिने गेले. मला राहवेना. एकदा स्पष्टच बोलले, "फिलूबाई, तुम्ही लेक आणलीय की पाहुणी?" मला वाटलं चिडेल. ती खाली बघत म्हणाली, "मला भ्या वाटतं हो. एकदा परत गेलेलं लेकरू हाय. माझ्या तोंडून वाकडं काय गेलं नि त्ये बॅग घिऊन निघालं तर?"

तसंच झालं. एका रविवारी सकाळी दोघी चर्चमधून मिस्सा आटोपून आल्या. मी अंगणात गहू निवडत होते. फिलूबाई मागं पाणी भरत होती. घरात काहीतरी खळ्ळकन फुटलं. थोड्या वेळानं वर्षा बॅग घेऊन बाहेर आली. पायात चपला, केस नीट विंचरलेले. फाटकापाशी उभी राहून तिनं फिलूबाईला हाक मारली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मावशी, चेंडू लागला. मूर्ती फुटली. त्या आधीच्या घरी पन काच फुटली हुती, मग त्ये मला परत सोडून आले. मी तयार हाय, चला."

फिलूबाईनं घरात डोकावून पाहिलं. योसेफाचे तीन तुकडे झाले होते. मग ती वळली आणि सहा महिने कोंडलेला तो आवाज असा सुटला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

"तयार हाय म्हनं! कुटं निघाली गं भवाने? फोडायचं नि पळायचं? आनि ह्ये कोन भरनार, योसेफ उठून भरनार व्हय? घरात चेंडू खेळायचा न्हाई म्हनून किती बारी सांगितलं? ठेव ती बॅग! झाडू घे! एक खडा जरी पायाला टोचला ना, तर बघ माझ्याशी गाठ हाय!"

वर्षाच्या हातून बॅग गळून पडली. ती आत गेली, झाडू घेतला आणि झाडता झाडता भोकाड पसरून रडायला लागली. सहा महिन्यांत तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी धावत गेले, तर फिलूबाई चुलीपाशी तोंडावर पदर धरून बसलेली. "गेली माझी पोर," ती म्हणाली. "माझ्या हातानं घालवली. आता कशाला ऱ्हाती ती?" मी तिला पाणी दिलं.

दुपार कलली तशी वर्षा आमच्याकडे आली. डोळे सुजलेले. मी दिलेला लाडू तिनं घेतला, उंबऱ्यावर फतकल मारून बसली आणि फुरंगटून म्हणाली, "बाई, आमची आई लई वरडती."

मी म्हणाले, "हो गं, फारच ओरडते."

"लईच," ती म्हणाली आणि दुसरा लाडू मागितला.

तो तिच्या हातावर ठेवला आणि मी तशीच भिंतीपलीकडे गेले. फिलूबाई तिथंच बसून होती. मी सांगितलं. तिनं ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, अगदी वर्षाच्या सुरात. तिसऱ्यांदा ऐकून हसायला लागली, हसता हसता रडली, आणि एकदम म्हणाली, "वरडती म्हनून गावभर सांगत सुटली व्हय? येऊ दे घरी!" माझेही डोळे वाहत होते, ते मी लपवले नाहीत.

त्या दिवसानंतर भिंतीपलीकडून रोज आरडाओरडा ऐकू येऊ लागला. आधी एका आवाजात, मग दोन आवाजांत. दहाव्या वर्षी वर्षानं आपणहून बाप्तिस्मा मागितला. आता ती नगरला नर्सिंग शिकते. फिलूबाई निवृत्त झाली, गुडघे गेलेत, तरी मिस्सा चुकवत नाही. परवा ती रक्तदाबाच्या गोळ्या न घेता चर्चला गेली. वर्षाला ते कळलं आणि तिनं फोनवरून असं काही झापलं की अंगणात बसलेल्या मला शब्दन् शब्द ऐकू आला. फिलूबाईनं फोन कानापासून हातभर लांब धरला होता. काही वेळानं तिनं तो अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून माझ्याकडेच सरकवला आणि तोंडभर हसत म्हणाली, "घ्या मास्तरीनबाई, तुमी बी ऐका. माझी लेक हाय."